फोरम थिएटर की तोंडी परीक्षा?

किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘सहभागी नाट्य’ ही कल्पना आपल्या शैक्षणिक वर्तुळात आता रुळली आहे. तिच्या उपयुक्ततेविषयी भरभरून बोलले जाते. मात्र तेथे जे घडते ते नाट्य असते काय, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. मराठी नाट्यसमीक्षेने तर हे सारे ‘उपयोजित’ या खात्यात टाकून हात झटकले आहेत. या प्रयोगांचे उपचारमूल्य त्यांच्या नाट्यरूपापासून वेगळे काढता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

ब्राझिलियन रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७३ मधील पेरूच्या साक्षरता मोहिमेतला एक प्रसंग नोंदवला आहे. नवऱ्याने फसवलेल्या स्त्रीची कथा नट सादर करीत होते. शेवट प्रेक्षकांनी सुचवायचा आणि नटांनी करून दाखवायचा, ही तोवरची रीत. तिने नवऱ्याशी ‘स्पष्ट बोलावे’, असे एका बाईने सुचवले. पण नटीने नाना परींनी करून दाखवले तरी बाईचे समाधान होईना. अखेर तिलाच मंचावर बोलावले, तेव्हा तिने नवरा झालेल्या नटाला झाडूने बदडले. ‘स्पष्ट बोलणे’ या शब्दांचा तिच्यापुरता अर्थ तो होता, आणि ती स्वतः कृती करेपर्यंत तो नटांना ठाऊक नव्हता. फोरम थिएटरचा उगम या अर्थनिर्णयात आहे.

एका कनिष्ठ महाविद्यालयात पाहिलेला प्रयोग याच्या नेमका उलट होता. प्रवेशपरीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला मुलगा आणि ऐकून न घेणारे वडील. ‘आता याने काय करावे?’ असे सूत्रधाराने विचारताच एक मुलगी उठली, मुलाच्या जागी बसली आणि वडिलांना म्हणाली, ‘क्लासची फी परत मिळते का?’ सभागृह हसले, मग एकदम गप्प झाले. वडील झालेला नट उत्तर द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच सूत्रधार मध्ये पडला: ‘छान! पण आधी समुपदेशकाकडे जायला हवे, नाही का?’ माना हलल्या. तास संपला.

समुपदेशकाकडे जावे, याविषयी वाद नाही. पण उत्तर ठरलेलेच होते, तर विचारले कशाला? बोआल यांचा ‘जोकर’ उपायांना गुण देत नाही. प्रत्येक प्रश्न तो प्रेक्षकांकडे परत टोलवतो. आपला कीर्तनकार या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणायचा. आख्यानाचा शेवट श्रोते ठरवतील, असा आव तो आणत नाही.

कोवळ्या मनांपुढे शेवट मोकळा सोडणे धोक्याचे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. वर्गमित्रांसमोर कुणाला स्वतःची जखम उघडी करायला लावू नये, प्रसंग अनेकांच्या अनुभवाचा असावा, आणि नंतर बोलायला जाणते माणूस हाताशी असावे. ही काळजी प्रयोगाच्या आधी आणि नंतर घ्यायची असते. प्रयोगातला प्रश्न मिटवून ती घेता येत नाही.

युरोपातील वास्तव्यात बोआल यांच्यापुढे लोक एकाकीपणाच्या, रितेपणाच्या कथा घेऊन आले. तेव्हा त्यांनी ‘डोक्यातला पोलीस’ ही कल्पना मांडली. हा पोलीस डोक्यात असला तरी त्याचे ठाणे बाहेर असते, हा तिचा गाभा होय. त्या मुलीने एका वाक्यात ठाण्याचा पत्ता दिला होता. प्रयोगाने ठाणे वगळले आणि मुलाच्या डोक्यावर इलाज सुरू केला.

अशा प्रयोगांची परीक्षणे आपल्या नियतकालिकांत यायला हवीत. त्यांत अभिनयाचे कौतुक कमी असले तरी चालेल. कोणत्या प्रेक्षकाचा हस्तक्षेप कुठे आणि कुणी तोडला, याची नोंद असावी.