कढीपत्त्याच्या कुंडीतलं जंगल

छंद म्हटला की बायकांच्या मनात आधी हिशेब सुरू होतो. मुलांच्या क्लासची फी, सासूबाईंची औषधं, गॅस, दूध... यातून उरलं तर माझं! त्यात छंद फोटोग्राफीचा असेल तर बोलायलाच नको. आणि मुंगीचे डोळे, फुलाचे परागकण मोठे करून दाखवणारी 'मॅक्रो' फोटोग्राफी? ते तर पैसेवाल्यांचं खूळ, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. माझं मत नेमकं उलटं आहे. घर सांभाळणाऱ्या बाईला परवडेल आणि जमेल असा फोटोग्राफीचा कुठला प्रकार असेल, तर तो हाच!

कारण साधं आहे. वाघाच्या फोटोसाठी ताडोबाला जावं लागतं. मॅक्रोचं जंगल खिडकीतल्या कुंडीत असतं. कढीपत्त्याचंच बघा. लिंबाच्या फुलपाखराची मादी त्याच्या कोवळ्या पानांवर मोहरीहून बारीक, पिवळसर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे तिला कुणी खायला जाऊ नये! मोठी झाली की तीच हिरवीगार होते. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं 'नीलवंत'सुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आपण मात्र 'कीड लागली' म्हणत पान खुडून टाकतो.

आता खर्चाचं. मोबाइलला चिमट्यासारखी लावायची मॅक्रो लेन्स दोन-चारशे रुपयांत मिळते. तीही नको असेल, तर मुलांच्या प्रयोगाच्या पेटीतलं भिंग कॅमेऱ्यासमोर धरून बघा. मोबाइलला तीन-चार कॅमेरे असले, तर बोटाने एकेक झाकून मुख्य कोणता ते ओळखा आणि लेन्स बरोब्बर त्याच्यावर बसवा. वस्तूपासून अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर ठेवावं लागतं, त्यामुळे हात हलला की फोटो पुसट. कोपर कठड्याला टेकवा, मोबाइल केसभर पुढे-मागे करत आठ-दहा फोटो काढा. एखादा साधतोच. थेट ऊन नको. मध्ये पातळ पांढरा कागद धरला की उजेड मऊ होतो. वेळ सकाळची उत्तम, कारण गारव्यात किडे सुस्त असतात. म्हणून काही जण त्यांना चक्क फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात. तसलं काही कृपा करून करू नका. फोटोपायी कुणाचा जीव कशाला?

लेन्स बदलता येणारा जुना कॅमेरा घरात पडून असेल, तर दुधात साखर. त्याचीच लेन्स उलटी बसवायची रिंग काहीशे रुपयांत येते आणि उलटी लेन्स बारीक गोष्टी छान मोठ्या दाखवते. दुसरा उपाय एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाहीच. पण तिच्यामुळे लेन्स कॅमेऱ्यापासून थोडी दूर जाते आणि अगदी जवळच्या वस्तूवर फोकस करता येतो. तीस-चाळीस हजारांची खास लेन्स ही फार पुढची गोष्ट. आधी नजर तयार होऊ द्या.

मग अडतं कुठे? मला विचाराल तर पैशांपेक्षा परवानगीपाशी जास्त अडतं. बचत गटाच्या कामासाठी मी वस्त्यांमध्ये जाते. पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच, आणि तो भावाच्या हातात! मुलीने मागितला की 'तुला कशाला हवाय?' हे ठरलेलं. पाचजणींनी मिळून एक लेन्स घेतली तर प्रत्येकीला पन्नास-साठ रुपये पडतील. पण रोजचा अर्धा तास मोबाइल त्या मुलीला कोण देणार? तो आईनेच मिळवून द्यायला हवा. अळीचा रोज एक फोटो आणि वहीत तारीख, एवढं तिने केलं तरी पुस्तकातलं विज्ञान तिच्या हातात येईल.

सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहुक नावाचा एक कापड व्यापारी होता. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या या माणसाने स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. त्याचं भांडवल काय, तर एक भिंग आणि चिकाटी. तांदळातला खडा लांबूनही अचूक टिपणाऱ्या आपल्या नजरेला ती चिकाटी काही कुणी शिकवायला नको!

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी दूध तापत ठेवलं की पाच मिनिटं कुंडीपाशी वाकून बघा. लेकीलाही हाक मारा. दूध उतू गेलं तर जाऊ दे एखाद्या दिवशी!