एक प्रवास, दोन तिकिटे

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या, रेल्वेचा रूळही न पोहोचलेल्या गावी बसून मुंबईच्या मेट्रोच्या तिकिटांचा खल करणे हे प्रथमदर्शनी अनधिकार चर्चेसारखे वाटेल. परंतु मंत्रालयातील अडलेल्या अर्जासाठी, मोठ्या इस्पितळातील औषधोपचारासाठी किंवा अंधेरीकडे चाकरीस असलेल्या मुलाच्या भेटीसाठी एसटीने परभणी गाठून देवगिरी एक्सप्रेस धरणारी माणसे आमच्याकडे नित्याची आहेत, आणि महानगराच्या व्यवस्थेचा कस अशा नवख्या पाहुण्यापाशीच लागतो.

या वाटेवरच्या जुन्या प्रवाशांस मनमाड चांगले स्मरत असेल. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत आमच्याकडची मीटरगेज गाडी तेथे संपे. बोचकी, ट्रंका आणि झोपेने पेंगुळलेली पोरे सावरीत ब्रॉडगेजच्या गाडीत शिरावे लागे, आणि त्या धांदलीत एखादी पिशवी हरवली तर तिचे नाव घेण्याचीही सोय नसे. मात्र परभणीस काढलेले पुठ्ठ्याचे तिकीट थेट मुंबईपर्यंत चाले. आजही दादरला मध्य रेल्वेची लोकल सोडून पश्चिम रेल्वेची लोकल धरणाऱ्यास, या दोन्ही रेल्वेंचा कारभार निरनिराळा असूनही, नव्या खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही. उत्पन्नाची वाटणी कशी करावी हे हिशेबनिसांनी आपसांत ठरविले आणि प्रवाशास त्याची तोशीस लागू दिली नाही.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हा हाच शिरस्ता पुढे चालेल अशी अपेक्षा गैरवाजवी नव्हती. प्रत्यक्षात लोकलमधून घाटकोपरास उतरलेला माणूस पुलावरून मेट्रोच्या दालनात येतो, पुन्हा रांग धरतो, पुन्हा पैसे मोजतो, पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर ठेवतो, आणि मग हातातला कागद फाटकाच्या काचेवर नेमका कसा धरावा या विवंचनेत, मागच्या मंडळींचे सुस्कारे ऐकत, क्षणभर खोळंबतो. रेल्वेचे किमान भाडे ५ रुपये, मेट्रोचे १०. प्रवास अखंड असला तरी किमान भाड्याचा भुर्दंड दोनदा बसतो.

याची तांत्रिक सबब अगदीच पोकळ नाही. लोकलच्या फलाटावर फाटके नाहीत, तेथे तिकीट तपासनिसाच्या धाकावर व्यवहार चालतो. मेट्रोत यंत्राने ओळख पटविल्यावाचून प्रवेश नाही. आणि मेट्रोच्या मार्गांचे चालकही एक नाहीत. २०१९ साली राष्ट्रीय सामायिक कार्ड आले, ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ अॅपने अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे मोबाइलच्या पडद्यावर एकत्र आणली. हे प्रयत्न स्तुत्य खरेच. तथापि अॅपमुळे रांग वाचते, भाड्याचे दर एक होत नाहीत. आणि ज्याच्या खिशात साधा मोबाइल आहे, त्या आमच्या वृद्ध शेतकऱ्यास त्याचा उपयोग शून्य.

जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात १९६५ सालीच निरनिराळ्या वाहतूक संस्थांनी संघ स्थापून सामायिक भाडेपद्धतीचा पाया घातला, आणि त्या वेळी मोबाइलचा मागमूसही नव्हता. म्हणजे येथे उणीव यंत्राची नसून करारनाम्याची आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने शहरांना एकीकृत वाहतूक प्राधिकरणाची अट घातलेलीच आहे; त्या प्राधिकरणाने निव्वळ नकाशे न छापता रेल्वे आणि मेट्रो यांच्यात उत्पन्नवाटपाची तजवीज करून द्यावी, गाडी बदलणाऱ्यास दुसरे किमान भाडे माफ करावे, आणि असे जोडतिकीट कागदावर छापून रेल्वेच्या खिडकीवर, आरंभी निदान घाटकोपर व अंधेरी येथे आणि पुढे परभणी, हिंगोलीच्या स्थानकांवरही, रोख पैशांत विकावे, एवढीच आमची मागणी आहे.