पारध्याचा बैल आणि आपली शिकारकथा

शिकारकथेला मराठीच्या वर्गात स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. साहसकथा, प्रवासवर्णन किंवा फार तर निसर्गलेखन यांच्या एखाद्या कोपऱ्यात तिची बोळवण होते. शिकार आता कायद्याने गुन्हा आहे, तिचे वर्णन करणारे वाङ्मय कालबाह्य झाले आहे, असे त्याचे समर्थनही केले जाते. आमचे मत वेगळे आहे. बीड जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना तर हा विषय टाळणे योग्य वाटत नाही. शिकारीविषयी आपल्या भाषेने काय जपले आणि काय वगळले, हा प्रश्न आमच्या वर्गात बसणाऱ्या काही मुलांच्या घरापर्यंत जाऊन पोहोचतो.

शिकारकथेचा वाचक बंदुकीचा बार लक्षात ठेवतो. प्रत्यक्षात कथेचा मोठा भाग त्याआधीच्या तयारीने व्यापलेला असतो. माग कसा ओळखायचा, वारा कोणत्या अंगाने आहे, पाणवठा किती लांब आहे, सोबत काय घ्यायचे आणि काय घरी ठेवायचे, हे सारे त्या तयारीत येते. पहिल्यांदाच रानात जाणाऱ्यासाठी या सर्वांहून मोठा प्रश्न एकच असतो, जायचे कोणाबरोबर? जिम कॉर्बेट यांनी या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले आहे. ‘माय इंडिया’ या पुस्तकात कुंवर सिंग या चोरट्या शिकाऱ्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. बंदूक मिळालेल्या पोराला हा माणूस पहिली गोष्ट सांगतो ती झाडावर चढायला शिकण्याची. नेमबाजी त्यानंतर येते. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) मध्ये रॉबिन या कुत्र्यावर असेच एक प्रकरण आहे. बिबट्या अंगावर आला तेव्हा हा रॉबिन एकदा पळाला होता. लेखक ते लपवत नाही आणि त्यावरून त्याला दोषही देत नाही. जोडीदाराच्या भरवशाचे इतके समंजस चित्र शिकारवाङ्मयात थोडे आढळते.

आता आपल्याकडे वळू. मराठीत या कृतीला तीन नावे आहेत. ‘मृगया’ संस्कृतातून जशीच्या तशी आली, ‘शिकार’ फारसीतून आली आणि ‘पारध’ हा तद्भव शब्द. या शेवटच्या शब्दाचे मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दात सांगितले जाते. पाप आणि ऋद्धी, म्हणजे पापाची वाढ. पहिल्या दोन शब्दांत खेळाचा आणि वैभवाचा गंध आहे, तिसऱ्यात मात्र व्युत्पत्तीपासूनच दोषारोप आहे. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांच्या यादीत मृगयेला पहिले स्थान दिले हे खरे. पण राजाचे व्यसन हे त्याचे व्यसनच राहिले, ते त्याच्या जातीचे नाव झाले नाही. पारध करणारा मात्र पारधी झाला आणि त्याची मुलेही पारधीच राहिली.

या पारध्याची तयारी कशी असे? व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने ‘जंगल लाइफ इन इंडिया’ (१८८०) या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात, पारध्यांवरील नोंदीत, ते उद्धृत केले. मोर, सारस आणि माळढोक यांसारख्या पक्ष्यांसाठी फासांची एक लांब माळ असे. प्रत्येक फासाला लाकडी खुंटी, आणि सगळे फास एका दोरीत ओवलेले. फास उघडा राहावा म्हणून त्याच्या गाभ्यात हरणाच्या शिंगाची पातळ, लवचीक पट्टी घातलेली असे. अशा दोन-चार माळा, मातकट पिवळ्या रंगात रंगवलेला आणि डोळ्यांपुरती भोके पाडलेला ढालीसारखा कापडी आडोसा, आणि एक शिकवलेला बैल एवढे घेऊन माणूस रानात जाई. मोरांचा थवा दिसला की बैलाच्या आडून तो त्याला वळसा घालीत असे. वेसणीच्या दोरीने बैल हवा तसा वळे. चरणारा बैल पाहून पक्षी बिचकत नसत. तेवढ्यात माणूस खुंट्या ठोकून माळ पसरून टाकी आणि मग उलट बाजूला जाऊन एकदम उभा राही. पक्षी पळत, त्यांचे पाय फासात अडकत. दोरीवरचा ताण सैल झाला तर फास उघडून पक्षी सुटणार, हे ठाऊक असल्यामुळे तो क्षणाचाही विलंब न करता पक्षी धरी.

या वर्णनातला बैल आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतातला बैल ओढायला शिकतो. याला सावकाश चालायला, थांबायला आणि पक्ष्यांच्या अगदी जवळ असतानाही न बुजायला शिकावे लागत असणार. धन्याचे शरीर आपल्या शरीराआड झाकणे हे त्याचे काम. तो बिचकला तर दिवस वाया आणि घरची चूलही थंड. शिंगाची पट्टी तासण्यापासून बैल तयार करण्यापर्यंतचे हे ज्ञान लिहिलेले नव्हते, पिढीकडून पिढीकडे हाताने जात होते. पहिल्यांदा रानात जाणाऱ्या पारध्याच्या पोराला काय काय आधी अंगवळणी पाडावे लागत असेल, याचा अंदाज बॉलच्या परिच्छेदावरून येतो. पण हा परिच्छेद एका परक्या अधिकाऱ्याने, बाहेरून पाहून, इंग्रजीत लिहिलेला आहे. ज्याने तो बैल शिकवला त्याचा शब्द त्यात एकही नाही.

आमच्या वाङ्मयाने तो शब्द टिपला का? रामायणाच्या आरंभी क्रौंचाला मारणारा निषाद येतो. आदिकवीच्या शोकातून पहिला श्लोक जन्मतो तो त्याला दिलेल्या शापाच्या रूपाने. निषादाने बाण का मारला, हे विचारायला कोणी थांबत नाही. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात मृगयेवर चक्क वाद आहे. विदूषक तिला कंटाळला आहे, तर सेनापती तिचे गुण सांगतो: शरीर हलके होते, भय आणि क्रोध यांत प्राण्यांचे मन कसे बदलते ते कळते, हलत्या लक्ष्यावर नेम साधतो. पण याच अंकाच्या सुरुवातीला विदूषक आपली झोप मोडणाऱ्या पक्षी पकडणाऱ्यांना शिवी देतो. राजाच्या शिकारीसाठी पहाटे रान घेरणारी हीच माणसे. नाटकात त्यांचा फक्त गलका ऐकू येतो, आणि तोही तक्रारीतून. आम्ही हा अंक शिकवतो तेव्हा सेनापतीच्या श्लोकावर टिपणे देतो. त्या गलक्यावर एकही प्रश्न विचारत नाही.

मराठी गद्याच्या आरंभी मात्र वेगळे चित्र दिसते. ‘लीळाचरित्रा’तील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वपरिचित आहे. पाठलागातून सुटलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि पारधी तो मागायला येतात. या लीळेचा उल्लेख सहसा अहिंसेचे उदाहरण म्हणून होतो, आणि ते बरोबरच आहे. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. इथे पारध्यांना तोंड आहे. ते आपली बाजू मांडतात, त्यांच्याशी बोलले जाते, शाप दिला जात नाही, आणि बोलण्यातून त्यांचे मन वळते. हा संवाद पुढच्या वाङ्मयाने किती चालू ठेवला, हे तपासण्याजोगे आहे.

आधुनिक काळात व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी मराठीला रान दिले. माडगूळकर १९८३ साली आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बंदुकीच्या नादातून निरीक्षणाकडे झालेला त्यांचा प्रवास मराठी निसर्गलेखनाचाच प्रवास आहे. २०२५ मध्ये निवर्तलेल्या चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि ते ऋण उघडपणे मान्य केले. या दोघांचे मोठेपण निर्विवाद आहे. तरीही त्यांच्या लेखनात रानातला जाणता माणूस वाटाड्या असतो आणि लिहिणारा पाहुणा. वाटाड्याने स्वतः लिहिलेले पुस्तक आपल्याला हवे आहे. ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) यांनी भटक्या-विमुक्तांच्या जगण्याला आत्मकथनात आणले, पण त्यांचा भर साहजिकच अन्यायावर आणि भुकेवर आहे. पारध्याचे कौशल्य, त्याचे रानाचे ज्ञान, हा विषय अजून मोकळाच आहे.

तो मोकळा राहण्यामागे इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची वाट खुली केली, आणि पुढे पारधीही त्याच्या कक्षेत आले. १९५२ साली तो कायदा गेला. योगायोगाने ‘माय इंडिया’ही त्याच वर्षी आले, त्यात भांतू जमातीच्या सुलतानाविषयी लिहिताना, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला न्याय्य संधीच मिळाली नाही, असे कॉर्बेट म्हणतात. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवान्याने शिकार करण्याची जी वाट त्यात उरली होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. शौकीन शिकाऱ्याने बंदूक भिंतीवर टांगली आणि आठवणी लिहिल्या. पारध्याकडे टांगायला भिंत नव्हती. शिक्का पुसला गेल्याचे कागदावर राहिले, संशय मात्र गावोगाव टिकला. आजही कुठे चोरी झाली की पहिली नजर पालांकडे वळते, हे या भागात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पारधीचे गोडवे गाऊन आपण कशाचे समर्थन करतो आहोत? आमची भूमिका स्पष्ट आहे. शिकारबंदी हवीच. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ पासून सुमारे ३० चौरस किलोमीटरांत त्याला आसरा देत आहे, ही आमच्या जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. बॉलच्या यादीतला माळढोक आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याला गवताळ माळांचा नाश आणि विजेच्या तारा अधिक कारणीभूत असल्या, तरी फास निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही. पण कृती थांबवणे वेगळे आणि त्या कृतीमागचे ज्ञान, भाषा आणि माणूस यांना विसरणे वेगळे. मोर कुठे रात्र काढतो, कोणत्या ऋतूत कुठे उतरतो, हे ज्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, त्याचे म्हणणे मोर वाचवतानाही उपयोगी पडेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ‘शाकुंतला’चा दुसरा अंक शिकवताना त्या पहाटेच्या गलक्यावर एक तास द्यावा. सशाची लीळा आणि कॉर्बेटचा कुंवर सिंग शेजारी ठेवून वाचावेत. आणि पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांत, ठरावीक कादंबऱ्यांच्या आशयसूत्रांबरोबरच, पारधी कुटुंबांतील वृद्धांकडून फास, खुंट्या, बैल, माग यांचे शब्द त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावेत. त्यात कोणावर गुन्ह्याची सावली पडणार नाही, ही जबाबदारी शिक्षकाने घ्यावी. ज्यांनी फास लावले किंवा आजोबांना लावताना पाहिले, ती पिढी आता थकली आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाला आजोबांविषयी लिहायचे असेल, तर त्याने ते लपवून ठेवावे असे त्याला वाटू नये. एवढे झाले तरी मराठी विभागाने आपल्या जिल्ह्यासाठी काही केले, असे म्हणता येईल.