दुसरा गणवेश

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. तेव्हापासून हे गाव देशाला कापड पुरवीत आले. पण जून महिन्यात शाळेच्या दारात पाहावे, तर त्याच मागावर मीटरच्या हिशेबाने राबणाऱ्या कामगाराचे पोर गेल्या वर्षीच्या आखूड सदऱ्यात, बटणाच्या जागी पिन लावून उभे असते.

सदऱ्यावाचून माणूस मरत नाही. परंतु साध्या मजुरालाही ज्यावाचून चारचौघांत जाण्याची लाज वाटेल तो सदरा जीवनावश्यकच होय, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली सांगून ठेवले. अमर्त्य सेन यांनी हा विचार पुढे नेला. आपल्याकडे मात्र दांडेकर-रथ यांच्या १९७१च्या अभ्यासापासून गरिबी मुख्यतः उष्मांकांच्या आधारे मोजण्याची सवय जडली. उत्तर येत असूनही फाटकी चड्डी दिसेल म्हणून वर्गात उभे न राहणारे मूल कोणत्या तक्त्यात बसवावे? आपल्याला काही येत नाही, असा समज त्याच्याविषयी प्रथम गुरुजींचा होतो, मग त्याचा स्वतःचा.

राजर्षी शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. फी गेली, कपड्याचा प्रश्न उरला. मोफत गणवेश आला तोही दीर्घकाळ सर्व मुलींना आणि मुलांपैकी केवळ अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांना. म्हणजे जे वस्त्र भेद झाकण्यासाठी, तेच एका बाकावर दोघांची वर्गवारी करू लागले! राज्याने २०२३ साली उरलेल्या मुलांनाही गणवेश दिला, हे योग्यच झाले. पण २०२४-२५मध्ये एकाच ठिकाणाहून कापड पुरविण्याचा हट्ट धरला गेला. गणवेश उशिरा आले, अनेकांच्या मापाचे आले नाहीत. अखेर डिसेंबर २०२४मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचे ठरले. मुंबईत बसून राधानगरीच्या पोराचे माप घेता येत नाही, एवढे समजण्यास एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडले.

दोन गणवेश कशाला, असा प्रश्न सुखवस्तू मंडळी विचारतात. त्यांनी गगनबावड्याचा पाऊस पाहावा. तेथे दोरीवरचा कपडा दिवस दिवस वाळत नाही. ज्याला एकच सदरा आहे, त्याने तो ओला घालावा, चुलीशी धरावा, की घरी बसावे? वार्षिक परीक्षेच्या वेळीच मापे घेतली आणि मे महिन्यात पैसे समितीच्या हाती पडले, तर शाळा भरण्यापूर्वी दोन्ही गणवेश गावचा शिंपीही शिवून देईल.