मनगटाला मानवेल तो

पैठणीचा पोत पारखायला आपण दुकानात तासभर बसतो. पण घरातले माणूस ज्यावर दिवसाचे सहा तास बोटे चालवते, तो कीबोर्ड मात्र रंग पाहून उचलतो. आमच्याकडे हा विषय निघाला हिच्या मनगटामुळे. ही घरी बसून भाषांतरे करते. पैसे शब्दांवर मिळतात. रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावले की मनगट वाकवून काम करायचे नाही. पण शब्द थांबले की पैसे थांबतात, आणि घराचा हप्ता काही मनगटाची विचारपूस करीत नाही!

या दुखण्याचे मूळ फार जुने आहे बरे का! अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या शोल्ससाहेबांनी १८६८ साली टाइपरायटरचे पेटंट घेतले. कळांखाली दांड्या होत्या; त्यांना जागा मिळावी म्हणून कळांच्या ओळी एकीपुढे एक सरकवलेल्या. दांड्या केव्हाच गेल्या, तो तिरकेपणा मात्र राहिला. शिवाय दोन्ही हात छातीसमोर आणले की मनगटे करंगळीच्या बाजूला वळतात. मायक्रोसॉफ्टने १८९४ नव्हे, थेट १९९४ साली मधोमध दुभंगलेला ‘नॅचरल’ कीबोर्ड काढला, तो हे वळणे कमी करण्यासाठी.

खरेदीआधी फुकटचे उपाय करून पाहावेत. कीबोर्डाचे मागचे पाय मिटा. ते उभे केले की मनगट उलटे मुडपते. जेवणाचे टेबल उंच पडत असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट ठेवा. आजीचा पाट माळ्यावर असेलच.

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार प्रथम दिवे लुकलुकणारा कीबोर्ड दाखवील. त्याला नमस्कार करावा. उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा नको असेल तर नसलेलाच घ्यावा. माउस जवळ येतो, खांदा ताणत नाही. आणि मराठी लिहिणाऱ्यांनी दुकानातच ‘भाऊबीज’ लिहून पाहावे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘भ’ला शिफ्ट लागते, ‘ऊ’लाही लागते, एका भाऊबिजेत दोन्ही करंगळ्यांची धावपळ! काही दुभंगलेल्या कीबोर्डांत शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते. अंगठा दणकट, करंगळी बिचारी नाजूक. मला तर किमतीपेक्षा हीच गोष्ट मोलाची वाटते.

हिने शेवटी तसाच घेतला, दोन सुटे तुकडे असलेला. पहिला आठवडा कटकटीचा गेला. ‘व’ डाव्या तुकड्यावर आणि हिचे बोट सवयीने उजवीकडून निघायचे, ते मधल्या मोकळ्या जागेत टेबलावरच आपटायचे! तिसऱ्या आठवड्यात हात बसला. मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. डॉक्टरांनी दिलेला पट्टा ही अजून रात्री बांधते, आणि अर्ध्या तासाने उठायचे म्हणून स्वयंपाकघरातले घड्याळ टेबलावर आणून ठेवले आहे.