गाडी विकली म्हणे!

परवा शनिवारी गावी, म्हणजे बोरीला (ता. जिंतूर, जि. परभणी) गेलो होतो. अंगणात काकांची जुनी फोर बाय फोर पिकअप दिसेना. "विकली की दिवाळीत," काका म्हणाले. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो, तिथून ही बया सोयाबीनची पोती बाहेर काढायची. त्यामुळे गिऱ्हाईक दोन दिवसांत मिळालं.

मग काकांनी मोबाईल पुढे केला. "हे काय आलंय बघ बरं." ई-चलान! गाडी गेली दिवाळीत, दंड मात्र आत्ता आणि काकांच्या नावावर.

कागद काय केले? तर पाचशेच्या बॉण्डवर नोटरी आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या. बस्स. "ओळखीचा पोरगा आहे, करून घेईल नावावर. गावात शब्दावर चालतं सगळं."

मंडळी, शब्दावर माझाही विश्वास आहे. पण आरटीओच्या डेटाबेसला शब्द कळत नाही हो! आपल्या भाषेत सांगायचं तर कमिट झालं नाही, तोवर व्यवहार झालाच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ तेच म्हणतो : मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो (कर्जावरच्या गाडीचा अपवाद सोडून). कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं.

चलानाचं सोडा, ते हजार-दोन हजारांत मिटेल. अपघात झाला तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला बघा. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे आणखी हात बदललेले, अपघात २००९ चा. नोंद मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती, म्हणून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यालाच जबाबदार धरलं. त्यात घेणाऱ्याने विमा भरलेला नसेल, तर भरपाई कुणाच्या खिशातून? शेत कुणाचं विकायचं?

"आरटीओत कोण खेपा घालणार?" हे मान्य. वैताग आहेच. पण अर्ज आता परिवहनच्या वेबसाईटवर भरता येतो, आणि एका खेपेचा वैताग कोर्टाच्या तारखांपेक्षा कधीही स्वस्त. कोरा फॉर्म सही करून देणं म्हणजे कोरा चेक देणं. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, सही, तारीख पडल्याशिवाय आणि त्याच्या आधारची प्रत हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहून त्याची सही घ्यायची. घेणारा सख्खा मेहुणा असला तरी!

आणि पुण्यात बसून आपण काय करतो? "विकून टाका ना एकदाची" असं फोनवर सांगतो. मीच सांगितलं होतं. कागदांचं एका शब्दाने विचारलं नाही.

असो. काकांनी लगेच त्या पोराला फोन लावला, "बाबा, आधार घेऊन ये, सोमवारी परभणीला जाऊ." तो म्हणाला, "काका, ती तर मी गेल्या महिन्यातच विकली की!"

सोमवारची रजा टाकली आहे.