चिखलफेक आणि कणखरपणा

निवडणुकीचे वारे वाहू लागले की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘ज्याला शिव्या सोसवत नाहीत, त्याने उमेदवारीच्या फंदात पडू नये.’ चहाच्या टपरीवर ते ऐकू येते, कचेरीत ऐकू येते आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. सार्वजनिक जीवनात येणाऱ्याची कातडी जाड असावी आणि विरोधकांच्या माऱ्यापुढे त्याने डगमगू नये, एवढेच त्याला म्हणावयाचे असते. परंतु या साध्या वाटणाऱ्या वाक्यातून एक मोठे अनर्थकारक तत्त्व हळूच आपल्या गळी उतरविले जाते. चिखल फेकणे हा गुन्हा नसून ती एक परीक्षा आहे, असे ते तत्त्व. एकदा ते मान्य केले की चिखल फेकणारा परीक्षक ठरतो, ज्याच्यावर तो पडतो तो परीक्षार्थी ठरतो, आणि मतदार केवळ बघ्या उरतो. या तत्त्वाची छाननी करण्याची वेळ आली आहे.

परीक्षेचा निकाल काय?

हे तत्त्व सर्वांत उघडपणे रुजले ते अमेरिकेत, अध्यक्षपदाच्या निवडणुकांत. ७ सप्टेंबर १९६४ रोजी तेथील दूरचित्रवाणीवर एक लहानशी जाहिरात झळकली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या मोजीत खुडते आहे. तिची मोजणी संपते तोच दुसरी, उलटी मोजणी सुरू होते आणि पडदाभर अणुस्फोट होतो. जाहिरात जॉन्सन यांच्या बाजूची होती. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचे नावही तीत नव्हते; तशी गरजही नव्हती. सशुल्क जाहिरात म्हणून ती एकदाच दाखविली गेली, पण तेवढ्याने तिचे काम झाले. जॉन्सन प्रचंड बहुमताने निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्य फार मोठ्या संख्येने उतरविले. शांततेच्या नावावर भीती विकणाऱ्या त्या जाहिरातीने मतदाराला भावी अध्यक्षाविषयी खरे असे काहीच सांगितले नव्हते.

१९७२ चे उदाहरण याहून बोलके आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे इच्छुक एडमंड मस्की हे न्यू हँपशायरमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीसमोर, पडत्या बर्फात, आपल्या पत्नीवर झालेल्या टीकेला उत्तर देत उभे होते. बोलताना त्यांचा आवाज घोगरा झाला. गालावर ओघळले ते अश्रू होते की वितळलेला बर्फ, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. ‘हा माणूस रडला, तो राष्ट्र काय चालविणार?’ हा शिक्का मात्र तेव्हाच बसला. त्या राज्यातील चाचणी जिंकूनही त्यांची उमेदवारी ओसरत गेली. ज्या पत्रामुळे ते अडचणीत आले त्यांपैकी एक पत्र बनावट होते, हे नंतर उघड झाले. कणखर म्हणून जे निवडून आले ते निक्सन. पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये त्यांनी जिंकली आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणात त्यांना पद सोडावे लागले. सोशिकपणाची परीक्षा घेणाऱ्यांनी या निकालपत्रिकेकडे नीट पाहावे. या परीक्षेत जो नापास झाला तो पुढे १९८० मध्ये आपल्या देशाचा परराष्ट्रमंत्री झाला. जो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला त्याला राष्ट्राध्यक्षपद सोडून घरी जावे लागले.

१९८८ मध्ये बुश आणि डुकाकिस यांच्या लढतीत एका कृष्णवर्णीय कैद्याचे चित्र पडद्यावर फिरवून डुकाकिस गुन्हेगारांना पाठीशी घालतात, असे ठसविण्यात आले. डुकाकिस यांनी आरंभी प्रत्युत्तर दिले नाही. ते दुबळे ठरले. बुश यांच्या प्रचाराचे सूत्रधार ली ॲटवॉटर यांनी १९९१ मध्ये, मृत्यूच्या छायेत असताना, त्या मोहिमेतील क्रौर्याबद्दल खेद व्यक्त केला. फेकणाऱ्यालाच अखेरीस चिखलाची लाज वाटली. ज्यांनी तो खपवून घेतला त्यांना ती वाटली की नाही, हे मात्र कोणी विचारले नाही.

आपल्याकडील राष्ट्रपतिपदाची कथा

हे सारे अमेरिकेचे. आपल्या राष्ट्रपतीची निवड तर आमदार-खासदार करतात, तेथे असल्या गोष्टींना वाव कोठे, असे कोणी म्हणेल. त्याने १९६९ चा ऑगस्ट आठवावा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या निधनाने झालेल्या त्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख हे तीन प्रमुख उमेदवार होते. चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा मानी मराठी माणूस. सत्ताधारी काँग्रेसमधील दुफळीच्या त्या वादळात त्यांच्या विद्वत्तेची चर्चा कोणी केली नाही. ती होण्याऐवजी संजीव रेड्डी यांच्या खाजगी चारित्र्यावर किळसवाणे आरोप करणारे एक पत्रक खासदारांच्या हाती पडू लागले. खुद्द संसदेच्या मध्यवर्ती सभागृहापर्यंत ते पोहोचले. मतदार अशिक्षित असतो म्हणून चिखलफेक चालते, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर नाही. येथील प्रत्येक मतदार स्वतः लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी होता.

दुसऱ्या पसंतीच्या मतांची मोजणी होऊन गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने विजयी झाले. चिंतामणरावांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि विद्यमान राष्ट्रपती स्वतः साक्ष देण्यास न्यायालयात उपस्थित झाले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली, कारण त्या पत्रकामागे गिरी यांचा हात वा संमती असल्याचे सिद्ध झाले नाही. तथापि असल्या मजकुराने मतदाराच्या स्वतंत्र निर्णयावर गैर दडपण येऊ शकते, ही गोष्ट या खटल्याने देशापुढे ठेवली.

या प्रकरणात कणखरपणा कोठे दिसला? पत्रक वाटणाऱ्यांत तर नव्हेच. त्यांनी आपले नावही लावले नव्हते. पदाचा आडोसा न घेता प्रश्नांना उत्तरे देण्यास आलेल्या गिरींमध्ये तो दिसला. पराभवानंतर आंध्रातील आपल्या गावी जाऊन शेतीत रमलेल्या आणि आठ वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच पदावर बिनविरोध निवडून आलेल्या रेड्डींमध्येही तो दिसला. चिखलाला चिखलाने उत्तर न देता काळाला साक्षीदार करण्याची ही ताकद प्रचारातील आरडाओरडीने मोजता येत नाही.

टीका आणि निंदा

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही टीकेच्या विरुद्ध नाही. ज्या निवडणुकीत टीका नाही ती निवडणूक नव्हे, तो सत्कारसमारंभ. मुंबईत १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस या तरुण कामगारनेत्याने स. का. पाटील यांच्यासारख्या मातब्बर मंत्र्याला पाडले, तेव्हा ‘तुम्ही पाटलांना हरवू शकता’ हाच त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. तो प्रचार प्रतिस्पर्ध्याविरुद्ध होता, तिखट होता. पण त्याने मतदाराला त्याच्या शक्तीची आठवण करून दिली, भीतीची नव्हे. टीका आणि निंदा यांतील सीमारेषा येथे आहे. टीका उमेदवाराच्या कामाचा हिशेब मागते, निंदा त्याच्या घराची, जातीची, धर्माची झडती घेते. टीकेला उत्तर देता येते. निंदेला उत्तर दिले तरी ती वाढते आणि न दिले तरी वाढते.

मराठी माणसाला कणखरपणाचा धडा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटले गेले. त्या विशेषणाची धार काय असते हे मराठी वाचकाला सांगावयास नको. १९५७ च्या निवडणुकीत कऱ्हाडहून ते थोडक्या मतांनी निभावले. त्या टीकेमागे जनतेची खरी वेदना होती, एकशे पाच हुतात्म्यांचे रक्त होते; म्हणून तिला केवळ निंदा म्हणून बाजूस सारता येत नव्हते. यशवंतरावांनी तीतील शिवी सोडून दिली आणि वेदना उचलली. लोकमताचा कौल दिल्लीच्या गळी उतरविण्यात त्यांचा वाटा राहिला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. शिवी ऐकून न चिडणे हा कणखरपणाचा अर्धाच भाग. शिवीत दडलेले सत्य ऐकून स्वतःला बदलणे हा उरलेला आणि अवघड भाग. आजच्या ‘कणखर’ उमेदवारांना हा दुसरा भाग ठाऊकच नाही.

भीतीचा व्यापार

जाहिरात संस्थांनी आपल्या निवडणुकीत मोठ्या प्रमाणावर पाऊल टाकले ते १९८४ मध्ये. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसच्या वृत्तपत्रीय जाहिराती काटेरी तारा आणि विंचूसाप दाखवीत होत्या. परप्रांतीय चालकाच्या टॅक्सीत बसताना तुम्हाला अस्वस्थ का वाटावे, असे विचारीत होत्या. दिल्लीत शिखांची कत्तल होऊन जेमतेम काही आठवडे लोटले होते. पक्षाला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. भीती खपते हा धडा सर्वच पक्षांनी गिरविला. पुढे माध्यमे बदलली. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. पण आता जाहिरात पडद्यावर येण्याची वाट पाहत नाही, ती मध्यरात्री प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत येऊन बसते. १९६९ च्या त्या निनावी पत्रकाचा वंशविस्तार झाला आहे, एवढेच.

कायदा नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला भ्रष्टाचार मानते, आणि धर्माच्या, जातीच्या नावाने मत मागण्यालाही. छापील पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे, असे १२७-अ कलम सांगते. टीका धोरण, कार्यक्रम आणि पूर्वीचे काम यांपुरती असावी, असे आचारसंहिता बजावते. परंतु कायद्याची चाल बैलगाडीची आणि अफवेची वाऱ्याची. मुंबईतील विलेपार्ले मतदारसंघाच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या आधारे प्रचार झाला, हे सर्वोच्च न्यायालयात अखेर कायम झाले ते डिसेंबर १९९५ मध्ये. तोवर ती विधानसभा केव्हाच विसर्जित झाली होती.

चितेगावातून दिसणारे चित्र

पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ आमचे चितेगाव आहे. येथील व्हिडिओकॉनच्या कारखान्याने एके काळी देशभरच्या घरांत दूरचित्रवाणी संच पोहोचविले. ज्या पडद्यांवर पुढाऱ्यांच्या जाहिराती झळकल्या, त्यांतले कितीतरी आमच्या शिवारातल्या हातांनी जोडले. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या घरांची चूल त्या पगारावर पेटत होती, त्यांनी आपल्या उमेदवारांना काय विचारावयास हवे होते? या हातांना काम कोण देणार, जायकवाडीचे पाणी उशाशी असताना घसा कोरडा का, हे की नाही? पण शेजारच्या शहरातून वर्षानुवर्षे एकच आरोळी ऐकू येत राहिली: ‘खान हवा की बाण हवा?’ १९८८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक झाली. त्या काळापासून हा प्रश्न अनेक निवडणुकांना पुरून उरला. चितेगाव विधानसभेला पैठण मतदारसंघात, लोकसभेला जालन्यात. शहराच्या मतपत्रिकेशी आमचा संबंध नाही. तरीही ती आरोळी आमच्या पारापर्यंत पोहोचते, आणि पाण्याचा प्रश्न मात्र शहराच्या वेशीबाहेरही पडत नाही. शहराचे नाव बदलले, प्रश्न विचारण्याची रीत बदलली नाही.

चिखलफेकीचा खरा बळी उमेदवार नव्हे. तो आज पडला तर उद्या उठतो. रेड्डी उठले, मस्की उठले. खरा बळी पडतो तो न विचारलेल्या प्रश्नाचा. उमेदवारांच्या सोशिकपणाची परीक्षा म्हणून जे आपण टाळ्या वाजवून पाहतो, तीत आपलाच पेपर कोरा राहतो.

म्हणून ही जबाबदारी त्या वर्गावर येते, जो मतदानाच्या दिवशी केंद्रावर बोटाला शाई लावतो आणि यंत्र सीलबंद करतो. शिक्षक आणि कारकून हे लोकशाहीचे हे काम निष्ठेने करतात. त्यांनी त्याआधीचे कामही पत्करावे. हाती आलेल्या मजकुराला तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी लिहिला, आणि त्याने आपले नाव का लपविले? यात उमेदवाराच्या कामाविषयी काय आहे, आणि रक्ताविषयी किंवा घराविषयी काय आहे? हा वाचून माझ्या मनात प्रश्न उभा राहतो की केवळ भीती? विद्यार्थ्यांना हे तीन प्रश्न वर्गात शिकविण्यास कोणत्याही पक्षाची परवानगी लागत नाही. जो मजकूर या परीक्षेत नापास होईल तो पुढे पाठवू नये, एवढे व्रत पाळले तरी पुष्कळ.

उमेदवार कणखर हवा, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु त्याची कातडी किती जाड हे आम्हाला पाहावयाचे नाही. त्याचा कान किती जिवंत आहे हे पाहावयाचे आहे. आणि त्याही आधी आणखी एक कणखरपणा हवा, तो मतदाराचा. ज्या दिवशी एखादा सामान्य मतदार आवडत्या पुढाऱ्याच्या तोंडची शिवी ऐकून टाळी वाजविण्याऐवजी ‘ते राहू द्या, पाण्याचे काय ते सांगा’ असे भर सभेत म्हणेल, त्या दिवशी चिखल फेकणाऱ्यांचा धंदा बसेल. तो दिवस आणणे कोणत्याही आयोगाच्या किंवा न्यायालयाच्या हाती नाही. ते आपल्याच हाती आहे.